देवचाराच्या वळणावरचा भोंगा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण स्वयंपाक त्याच्यावर होत नसे. तो व्हायचा आबांच्या गाडीच्या भोंग्यावर. आबा म्हणजे माझे वडील. संध्याकाळी मालवणची भाडी संपवून ते परत यायचे तेव्हा गाडी वरच्या कातळसड्यावरून आमच्या गावच्या घाटीला लागली की पहिला भोंगा ऐकू यायचा. तो ऐकला की आये, म्हणजे माझी आई, मसाला लावून ठेवलेले बांगडे तव्यावर सोडायची. घाटीच्या मध्यावर देवचाराचं वळण, तिथं दुसरा भोंगा. तो वाजला की बांगडे उलटायचे. पाणंदीच्या तोंडाशी तिसरा वाजला की ताटं मांडायची. आबा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात वाफाळत असायचा, सोलकढीची वाटी भरलेली असायची आणि तव्यावरचा पहिला बांगडा थेट त्यांच्या ताटात पडायचा. पहिला बांगडा गाडीवाल्याचा, हा आमच्या घरचा कायदा होता. मी भुकेनं कितीही कळवळत असले, घरात मुंबईचा पाहुणा आलेला असला, तरी त्यात बदल नाही. बांगडा वाढताना आये "गाडीवाल्याचो" असं म्हणायची, म्हणजे कोणाच्या मनात काही असलंच तर ते तिथंच निवावं.

आता माझी सत्तरी उलटली. माझ्या नातवाच्या गाडीत मागं सरताना एक यंत्र पिकपिक करतं, पट्टा बांधला नाही तर दुसरं कुरकुरतं, आणि रस्त्यावर भोंगे इतके वाजतात की कोणी मान वळवून बघत नाही. तेव्हा आमच्या भागात गाड्याच मोजक्या, आणि प्रत्येकीचा आवाज प्रत्येकाला पाठ. अंगणाला आम्ही खळं म्हणतो; खळ्यात भात वाळत घालणारी बाई मान वर न करता सांगायची की ही एस.टी., हा मासळीचा टेंपो, आणि ही आबांची म्हातारी. गाडीला सगळं गाव म्हातारीच म्हणायचं, आणि त्यात अपमान नव्हता.

म्हातारी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती. काळी, उंच, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब पायऱ्या असलेली. तिचा पहिला मालक देवगडकडचा एक हौशी बागायतदार. त्या काळी गाडी घेतली म्हणजे नुसती गाडी मिळायची. घंटा, भोंगा, जादा दिवे हे सगळं मालकानं आपापल्या हौसेनं बसवून घ्यायचं, असं आबा सांगत. या गृहस्थानं आधी घंटा बसवली. ड्रायव्हरच्या पायाशी एक कळ, ती दाबली की फळीखालची पितळी वाटी ठण्णकन वाजायची. पण रस्त्यात माणसांपेक्षा बैल जास्त, आणि बैलाला गळ्यातल्या घंटेची सवय जन्मापासूनची. घंटा ऐकून बैल बाजूला व्हायचे सोडून गाडीच्या सोबतीनं चालायला लागायचे. शेवटी मालकानं हात टेकले आणि भोंगा आणला. नागासारखं वेटोळं घातलेली पितळी नळी, पुढं फुलासारखं उघडलेलं तोंड आणि मागं मूठभर रबरी फुगा. तो ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी, दाराच्या बाहेर बसवलेला होता. त्याचा आवाज भारदस्त, जरा नाकातला. बैल, बकऱ्या, सरपंच, सगळे बाजूला होत.

आबांच्या हातात गाडी आली तेव्हा घंटा गंजून पडली होती. त्यांनी ती सोडवली, चिंचेनं घासली आणि देवचाराला दिली. देवचार म्हणजे आमच्या गावच्या वेशीचा राखणदार. किंदळाच्या झाडाखाली जांभ्या दगडाचा एक चौथरा, मूर्ती वगैरे काही नाही. तो रात्रंदिवस हद्दीवरून फिरतो म्हणून लोक त्याला चपला देतात, घोंगडी देतात, काठी देतात, विडीही ठेवतात. आबांनी चौथऱ्याशी एक खांब पुरून त्यावर ती घंटा बसवली. तळव्यानं कळ दाबायची आणि नमस्कार करायचा. साऱ्या जिल्ह्यात मोटारीची घंटा असलेला देव आमचाच असणार, याचा मला लहानपणी फार अभिमान होता. अजूनही आहे.

त्या वळणावर एका बाजूला जांभ्याचा उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली व्हाळ, म्हणजे ओढा. समोरून काय येतंय ते वळण संपेपर्यंत दिसायचं नाही. तिथं प्रत्येक ड्रायव्हरनं देवचाराला भोंगा वाजवून सलाम करायचा अशी रीत होती. एस.टी.चा ड्रायव्हर असो की परगावचा टेंपोवाला, चुकवायचं नाही. वळणाच्या अलीकडे रस्ता थोडा रुंद होता, एस.टी.चा सलाम ऐकला की लहान गाडीनं तिथं थांबायचं, कारण एस.टी. वळली की सगळा रस्ता तिचाच. ही रीत देवासाठी घातली की माणसांसाठी, हे मी एकदा आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, देवचाराला विचार. पुढं पासिंगसाठी गाडीला विजेचा हॉर्न बसवावा लागला, तरी आबा वळणावर रबरी भोंगाच दाबायचे. बटण दाबून देवाला सलाम करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. विजेचा हॉर्न शहराच्या लोकांसाठी, भोंगा आपल्या माणसांसाठी.

मला त्यांनी गाडी शिकवली ती सड्यावर. मी एकुलती एक, मालवणला कॉलेजात जाणारी, आणि हात शिवशिवणारी. सडा म्हणजे मैलभर सपाट कातळ, गवत आणि वारा. आदळायला काही नाहीच. पहिल्या दिवशी मला वाटलं गिअर दाखवतील. त्यांनी मला भोंग्यावर बसवलं. "पयलो भोंगो, मगे गिअर," ते म्हणाले. "तू हयसर आसंस ह्यां आदी लोकांक कळाक व्हया." सबंध सकाळ मी उभ्या गाडीत बसून फुगा दाबत होते. जोरात दाबला की भोंगा किंचाळतो, हळू दाबला की कण्हतो, आणि बोटं एकामागून एक मिटत आणली की तो बोलतो, हे मला तेव्हा कळलं. गाडी चालवणं त्यामानानं सोपं निघालं. शिकाऊ लायसन आलं तेव्हा वाडीतल्या बायकांनी आयेला विचारलं की हिला स्थळं येतील का. आये म्हणाली, येणाऱ्याला आणायला स्टँडवर तीच जाईल.

आणि मग एका हिवाळ्यात मधला भोंगा यायचा बंद झाला. म्हणजे पहिला यायचा, कारण सड्यावर आबा विजेचा हॉर्न वाजवायला लागले होते; तिसराही तसाच यायचा; देवचाराचा मात्र नाही. आयेचे बांगडे एका बाजूनं करपायला लागले. तिला करपल्याचं दुःख कमी आणि देवचाराला डावलल्याचं जास्त. तिनं आबांना समोर बसवून विचारलं. आबा म्हणाले, "वाजयलंय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आयेनं ताट आपटलं. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे, आबा दिवसभर इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायचे आणि आयेचा आवाज तर पल्याडच्या वाडीत पोचायचा, त्यामुळं ते भांडण ऐकायला लोक खळ्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आबा शपथेवर सांगत होते की वाजवलं, आणि आये शपथेवर सांगत होती की वाजवलं नाही. दोघंही खरं बोलणारी माणसं. आबा घरात खोटं बोलतायत हे मला पटत नव्हतं, पण कान तर मलाही होते.

आयेनं मग तिच्या परीनं उपाय काढला. गाऱ्हाणं घालणं हे गुरवाचं काम, गावकाराचं काम. बायका ते करत नाहीत. पण घरातली गोष्ट गुरवाच्या तोंडी कशाला, असं म्हणून तिनं नारळ घेतला, आबांना आणि मला बरोबर घेतलं आणि चौथऱ्यापुढं स्वतःच उभी राहिली. गाऱ्हाण्याची पद्धत अशी की एकानं देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. आबा हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहिले. आयेनं सुरू केलं. "बा देवचारा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुज्या पायाकडे ठेवलंय, तो मान्य करून घे. माज्या घोवान तुजो मान चुकयल्यान, तेका पदरात घे."

"व्हय म्हाराजा," आबा मनापासून म्हणाले.

आयेनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. तिला इतकी सरळ कबुली अपेक्षित नव्हती. मग तिनं आवाज आणखी चढवला. "म्हातारपणी तेका गर्व झालो आसात, तर तो उतरय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आबा पुन्हा म्हणाले, आणि तिचं पुढचं वाक्य अर्ध्यात असताना आणखी एकदा म्हणाले. मला हसू आवरेना. दिवसभराच्या दगदगीनं उभ्याउभ्या डुलक्या घेतायत असं मला वाटलं. आये मात्र खूश होऊन घरी आली. नवऱ्यानं देवापुढं गुन्हा कबूल केला, विषय संपला. तिनं त्या दिवशी त्यांना दोन बांगडे वाढले.

पण दुसऱ्या संध्याकाळी मधला भोंगा पुन्हा आला नाही. आये चुलीपुढं इतकी गप्प बसली की मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं. देवासमोर कबूल होऊन माणूस पुन्हा तेच करतो, म्हणजे तो आता आपला राहिला नाही, असं काहीसं तिच्या मनात आलेलं दिसत होतं. मी एरवी मैत्रिणींबरोबर एस.टी.नं कॉलेजला जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी आबांच्या शेजारी जाऊन बसले. आपण बघू तरी, असं ठरवून.

गाडी घाटी चढायला लागली. देवचाराचं वळण आलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, उजवा हात बाहेर घातला आणि रबरी फुगा सावकाश, बोटं एकामागून एक मिटत, तीनदा दाबला. आवाज आला तो सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा. फुस्स. पुन्हा फुस्स. आणि आबांनी चौथऱ्याकडे बघून मान लववली, छातीला हात लावला, टोपी डोक्यावर ठेवली. चेहऱ्यावर रोजचं समाधान. त्यांच्यापुरता भोंगा वाजला होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गाडी सड्यावर आली, वारा आला, आणि आबा आंब्याच्या मोहोराबद्दल काहीतरी सांगत होते.

संध्याकाळी पाहिलं तर फुग्याच्या घडीत चांगली बोटभर चीर गेलेली. खाऱ्या हवेत रबर टिकत नाही. तसला फुगा आता मिळणार कुठं, तर पास्कलमामाकडे. पास्कलमामा आमच्या गावात रोज सकाळी सायकलवरून पाव विकायचा, आणि त्याच्या सायकलला तसाच रबरी भोंगा होता. मी मागितल्यावर त्यानं आपला फुगाच काढून माझ्या हातावर ठेवला. नवा येईपर्यंत तू काय करशील, असं विचारलं तर म्हणाला, "माजो पाव मुको गेलो तरी लोकांच्या नाकाक कळतला." मी तो फुगा म्हातारीच्या पितळी नळीला ट्यूबच्या पट्टीनं आणि तारेनं घट्ट बसवला. सकाळी आबांनी दाबून पाहिला आणि रबर कडक कसं लागतंय म्हणून विचारलं. मी समोर उभी राहून सांगितलं की जुन्याला चीर गेली होती, तो वाजत नव्हता. आबा हसले.

"वाजत तर होतो बरो," ते म्हणाले. "माका खंय म्हायत नाय?"

ते गाडीची काच पुसायला वळले तेव्हा मी त्यांच्या पाठीमागं गेले आणि साध्या आवाजात हाक मारली. ते काच पुसत राहिले. आणखी जरा मोठ्यानं मारली. ते काच पुसत राहिले. मग वळले, मला पाठीशी बघून दचकले आणि म्हणाले, अशी मांजरासारखी का येतेस. समोरून बोललं की त्यांना कळायचं, ओठ बघून असेल. घरात सगळेच ओरडून बोलायचे. म्हणून आम्हांला पत्ता लागला नव्हता. त्यांनाही लागला नव्हता. ऐकू येणं इतकं हळूहळू गेलं होतं की जग शांत झालंय असंच त्यांना वाटलं असणार.

मला भीती वाटली. नुसतं वाईट नव्हे, भीती. भोंगा मी दुरुस्त केला होता, पण समोरच्याचा भोंगा आबांना ऐकू येणार नव्हता, आणि त्या वळणावर दिसत काहीच नव्हतं. आयेला सांगितलं तर तिच्या आवाजात ते सगळ्या गावाला कळणार, उद्यापासून गाडीत कोणी बसणार नाही. आणि गाडी काढून घेतली तर आबा काय उरणार होते? त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं आणि नको होतं. काही मार्ग सापडेपर्यंत रोज त्यांच्या शेजारी बसायचं, एवढं मी ठरवलं. पण तेवढी सवड मिळाली नाही.

चारच दिवसांत पास्कलमामाची आई, रोझामाय, दाढ सुजून आमच्या दारात आली. तिला मालवणला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती मागच्या सीटवर गालाला फडकं बांधून बसली, मी पुढं आबांच्या डाव्या बाजूला. मालवणहून येणारी सकाळची एस.टी. त्या दिवशी उशिरा सुटली होती, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. घाटीच्या मध्यावर, वळणाच्या अलीकडे, आबांनी टोपी काढली आणि भोंगा दाबला. पास्कलमामाच्या फुग्यानं तो असा खणखणीत वाजला की व्हाळातले बगळे उडाले. आणि त्या आवाजाच्या मागोमाग कड्यापलीकडून एस.टी.चा सलाम आला. लांब, दमदार. मी ऐकला. रोझामायनं ऐकला. आबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि रुंद जागा सोडून गाडी सरळ वळणात घातली.

"आबानू, एस.टी." मी ओरडले. ते समोर बघत होते. मी त्यांचा दंड धरायच्या ऐवजी दोघांमधला हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. म्हातारी हिसका देऊन बंद पडली. आबा माझ्यावर खेकसले, ब्रेक का ओढलास म्हणून, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत एस.टी.चं नाक कड्याआडून बाहेर आलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबले. लाल पत्रा आमच्या दिव्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून वाकून आबांना काही विचारत होता. भोंगा ऐकला नाहीत का, असंच. आबा त्याच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी गाडी मागं घेतली, रुंद जागेत लावली, एस.टी. पुढं गेली, आणि ते खाली उतरले.

मला वाटलं देवचाराच्या पाया पडायला गेले. ते खांबाजवळ गेले, आपणच बसवलेल्या त्या घंटेला त्यांनी कान लावला आणि तळव्यानं कळ दाबली. घंटा ठण्णकन वाजली. त्यांनी पुन्हा दाबली. मग दुसरा हात वाटीवर ठेवला आणि परत दाबली. पितळेची थरथर त्यांना हाताला लागली असणार. ते बराच वेळ तसेच हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

"वाजली, आबानू."

"आवशीक म्हायत आसा?"

आयेला ठाऊक नाही, असं मी मान हलवून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्थिर होता. "आता आयक," ते म्हणाले. "माका फसवूचा नाय. वाजलो तर वाजलो, नाय तर नाय." एवढं बोलून ते गाडीकडे गेले आणि डाव्या दारानं आत बसले. मी उजवीकडे आले. त्या क्षणी मला गाडी चालवण्याइतकं दुसरं काहीच नीट येत नव्हतं, म्हणून मी ते करायला बसले. मागून रोझामायनं गालावरचं फडकं बाजूला केलं. "चेडू चालयता? चालयूं दे," ती म्हणाली. "माजी दाढ दुखता." मी आधी भोंगा दाबला, मग गिअर टाकला.

मालवणला रोझामाय डॉक्टरकडे गेली आणि आबा पाना घेऊन गाडीखाली. मी चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी भोंगा उजव्या बाजूचा सोडवून डाव्या बाजूला, आपल्या हाताशी बसवला होता. गाडी मी चालवणार, तर भोंगा माझ्या बाजूला नको का, असं मी विचारलं. "स्टेअरिंग तुजा," ते म्हणाले. "देवचाराक हाक माजी." पक्कं लायसन हातात येईपर्यंत, रोझामायची ती दाढ सोडली तर, त्यांनी गाडीत भाड्याचं माणूस बसू दिलं नाही. नंतर आम्ही दोघांनी मिळून म्हातारी कितीतरी वर्षं चालवली. देवगडला आंब्याच्या पेट्या, कुणकेश्वरच्या जत्रेला माणसं, देवबागला वऱ्हाडं. कान माझे, हात त्यांचा. भोंगा उलट्या बाजूला बघून पासिंगच्या साहेबानं कारण विचारलं, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले की गाडी डावखुरी आहे. साहेब हसला आणि सही केली. प्रत्येक वळणावर आबा फुगा दाबायचे आणि माझ्याकडे बघायचे. वाजला असेल तर मी मान हलवायची. एकदोनदा नाही वाजला, तेव्हा नाही म्हणून सांगितलं. ते तिथंच उतरून दुरुस्त करायचे. तो भोंगा आता माझ्या पडवीत टांगलेला आहे. नातवंडं दाबतात, आणि मी आतून ओरडून सांगते, वाजला.

पण ती पहिली संध्याकाळ. घाटीच्या तोंडाशी आबांनी भोंगा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. देवचाराच्या वळणावर त्यांनी टोपी काढली, बोटं एकामागून एक मिटत तीनदा दाबला आणि पुन्हा पाहिलं. "वाजलो," मी म्हटलं. तिसरा पाणंदीच्या तोंडाशी. गाडी खळ्यात शिरली तेव्हा आये पडवीत येऊन उभी होती, हातात उलथणं. मधला भोंगा आल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता, आणि मग तिनं मला उजव्या दारानं उतरताना पाहिलं. आबांनी पाय धुतले, पाटावर बसले आणि तिच्याकडे न बघता सांगितलं.

"माजे कान गेले गो."

चुलीवर बांगडे चरचरत होते. आये हळूच, तिच्या आयुष्यात ती कधी बोलली नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाली, म्हणजे त्या दिवशी देवचाराकडे व्हय म्हाराजा म्हटलात ते काय ऐकून म्हटलात? आबांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतेय ती, हे त्यांना कळलं नव्हतं. मी त्यांच्या समोर बसले आणि त्या दिवशीचं गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, नारळ, चुकवलेला मान, म्हातारपणचा गर्व, आणि प्रत्येकाला त्यांनी दिलेली साथ. आबांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

"उतरलो गो तो गर्व," ते आयेला म्हणाले. "व्हय म्हाराजा."

आये वळली आणि चुलीपुढं बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि बांगडे करपायच्या आत नाक ओढून उलथणं उचललं. तव्यावरचा पहिला बांगडा काढला. सवयीनं तिचा हात आबांच्या ताटाकडे गेला. आबांनी ताटावर आपला पालथा हात धरला आणि माझ्याकडे मान केली. आये त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"गाडीवाल्याचो," ती म्हणाली, आणि बांगडा माझ्या ताटात वाढला.